तागाचा पीळ आणि प्रकाशाची वाट

इ. स. १८९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे लेखक होते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस, आणि निबंधाचा खरा नायक होता बंगालच्या शेतात पिकणारा ताग. बोस यांनी तागाच्या तंतूंना पीळ देऊन लहान लहान जुड्या केल्या. काहींना उजवा पीळ दिला, काहींना डावा. त्या जुड्यांतून त्यांनी अत्यंत आखूड विद्युत्-लहरी सोडल्या. तेव्हा लहर ज्या प्रतलात आंदोलन पावत होती, ते प्रतलच वाटेत फिरलेले आढळले. एका पिळाने ते एका बाजूस फिरे, दुसऱ्या पिळाने दुसऱ्या बाजूस. आणि दोन्ही प्रकारच्या जुड्या सारख्या मिसळल्या, की एकीचा परिणाम दुसरी पुसून टाकी.

शर्करेच्या द्रावणात प्रकाशाचे असेच होते, हे त्याआधीच ठाऊक होते. द्राक्षशर्करा प्रकाशाचे आंदोलन-प्रतल उजवीकडे फिरविते, फलशर्करा डावीकडे. तेथे हे काम डोळ्यांस न दिसणारे रेणू करतात. बोस यांनी त्याच रेणूंची हातात धरता येईल एवढी प्रतिकृती उभी केली. ताग म्हणजे शर्करा नव्हे. दोहोंत समान होती ती केवळ रचना. पदार्थाचा गुण त्याच्या द्रव्यात असतो तसा त्याच्या घडणीतही असू शकतो, हा विचार त्या जुड्यांत बांधलेला होता.

असे का घडते, हे पाण्यावरून समजून घेता येईल. खाडीतील मोठी लाट मासेमारीसाठी रोवलेल्या एकेका खुंटाची दखल घेत नाही. परंतु असे शेकडो खुंट ओळीने रोवले असतील, तर तिची चाल बदलते. प्रकाश हीही लहरच. तिच्या लांबीहून पुष्कळ लहान असे घटक शिस्तीने मांडले, तर तिला ते वेगवेगळे दिसत नाहीत. त्या सर्वांचे मिळून एक नवे माध्यमच तिला भेटते. अशा मानवनिर्मित माध्यमाला आज ‘मेटामटेरियल’ म्हणतात.

या विचाराला पुढचे धाडसी वळण दिले ते मॉस्कोच्या व्हिक्टर व्हेसेलागो यांनी. पाण्यात तिरपी बुडविलेली काठी मोडल्यासारखी दिसते, कारण पाण्यातून हवेत येताना किरण वाकतो. निसर्गातील सर्व पारदर्शक पदार्थांत हे वाकणे एकाच तऱ्हेचे असते. १९६७ साली व्हेसेलागो यांनी गणिताने दाखविले की, एखाद्या पदार्थाचा विद्युत्-प्रतिसाद आणि चुंबकीय प्रतिसाद हे दोन्ही ऋण असतील, तर त्यात किरण नेमका उलट्या बाजूस वळेल, आणि त्या पदार्थाची सपाट पट्टीसुद्धा भिंगाचे काम करील. गणित निर्दोष होते. परंतु असा पदार्थ निसर्गात सापडेना. निबंध ग्रंथालयात पडून राहिला, आणि त्याला उत्तर मिळण्यास ३३ वर्षे जावी लागली.

ते उत्तर खाणीतून आले नाही, घडणीतून आले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील जॉन पेंड्री यांनी १९९६ साली बारीक धातूच्या तारांची जाळी, आणि १९९९ साली मध्ये फट ठेवलेली धातूची कडी सुचविली. तांबे हे चुंबक नव्हे. पण त्याची फट असलेली कडी योग्य लांबीच्या लहरीला चुंबकासारखा प्रतिसाद देते. २००० साली कॅलिफोर्नियातील डेव्हिड स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारा व कड्या एकत्र मांडल्या, आणि २००१ साली त्यांच्या लोलकातून सूक्ष्मलहरी खरोखरच उलट वळल्याचे जाहीर झाले. त्यावर आक्षेप आले. २००३ साली इतर प्रयोगांनीही तेच सिद्ध झाले. २००६ साली ड्यूक विद्यापीठात तांब्याचे एक नळकांडे सूक्ष्मलहरींपासून बव्हंशी दडविण्यात आले. २०१८ साली निधन पावलेल्या व्हेसेलागो यांना आपले भाकीत खरे ठरलेले पाहता आले.

मात्र सूक्ष्मलहरींवर जे साधले ते दृश्य प्रकाशावर साधणे सोपे नव्हते. त्या सूक्ष्मलहरींची लांबी सुमारे तीन सेंटीमीटर. दृश्य प्रकाशाची सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कड्या आणि तारा त्याहूनही लहान कोराव्या लागतात. शिवाय एकदा कोरलेली रचना कायमची. तिचा गुण मागाहून बदलावयाचा कसा?

इंग्लंडमधील साऊथॅम्प्टन विद्यापीठात निकोलाय झेलुदेव यांच्या गटाने यावर उपाय शोधला. सिलिकॉन नायट्राइडच्या अतिशय पातळ पडद्यावर सोन्याचा मुलामा देऊन त्यांनी त्याच्या बारीक पट्ट्या कापल्या. उष्णतेने सोने आणि पडदा सारखे प्रसरण पावत नाहीत. त्यामुळे पट्ट्या वाकतात आणि सगळी रचना बदलते. हे त्यांनी २०११ साली दाखविले. २०१३ साली तेच काम विद्युत्-दाबाने झाले. इतक्या लहान प्रमाणात पट्ट्यांचा ताठरपणा क्षुल्लक असतो आणि विद्युत्-आकर्षण प्रबळ. म्हणून थोडक्या व्होल्टने त्या हलतात, आणि त्याही सेकंदास लाखो वेळा हलू शकतात. दुसरी वाट पुन्हा लिहिता येणाऱ्या तबकड्यांच्या मिश्रधातूची. लेसरच्या झोताने त्यातील अणूंची मांडणी बदलते आणि वीज बंद केली तरी तशीच राहते. २०१६ साली अशा थरावर भिंगासारख्या आकृती लिहिणे, पुसणे आणि पुन्हा लिहिणे शक्य असल्याचे दाखविण्यात आले.

यावरून मनुष्य अदृश्य होऊ लागला असे मात्र कोणी समजू नये. धातू प्रकाशाचा काही भाग गिळून त्याची उष्णता करतो, आणि अशा बहुतेक रचना ठरावीक लांबीच्या लहरींपुरत्याच चालतात. खरी आशा आहे ती सपाट भिंगांची आणि प्रकाशाने चालणाऱ्या जलद कळांची.

बोस यांच्यापाशी ना इलेक्ट्रॉनचा झोत होता, ना सोन्याच्या पट्ट्या. ध्रुवीकरणाच्या प्रयोगासाठी त्यांनी एकदा आगगाडीच्या वेळापत्रकाच्या पुस्तकात कथिलाचे पत्रे घालून काम भागविले होते. आज त्यांच्या १८९८ च्या निबंधाचा उल्लेख या शास्त्राच्या इतिहासात आरंभीच होतो. साधने बदलली, प्रमाण लाखो पटींनी लहान झाले. परंतु तागाला पीळ देणाऱ्या त्या हातांनी जो प्रश्न निसर्गाला विचारला, तोच प्रश्न आजची प्रयोगशाळा विचारीत आहे. फरक एवढाच की, आता तो पीळ हवा तेव्हा देता येतो आणि हवा तेव्हा सोडविता येतो.