गाइड घरी ठोकायचं की हेड लेथवर न्यायचं? एका जुन्या वादाचा इतिहास

गॅरेजच्या बाकड्यावर बसा, दहा मिनिटांत हा वाद कानावर येतोच. इंजिन ऑइल खातंय, सकाळी सुरू केलं की निळा धूर मारतंय. रिंगा गेल्या की व्हॉल्व्ह गाइड? आणि गाइड गेलं असेल तर घरीच ठोकायचं की शॉपला पाठवायचं?

गाइड म्हणजे हेडमध्ये घट्ट बसवलेली बोटाएवढी नळी. ओतीव लोखंडाची किंवा काशाची. तिच्या आत व्हॉल्व्हची दांडी वरखाली सरकते. रॉकर दांडीला नुसता खाली दाबत नाही, थोडा आडवा रेटाही देतो. त्यामुळे गोल भोक हळूहळू लांबट होतं आणि तिथून ऑइल आत उतरतं.

आपल्याकडे हे काम आलं ते मोटारीपेक्षा विहिरीवरच्या इंजिनामुळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, तिथून लोखंडी नांगर शेतात गेला. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाच्या भट्ट्या आणि लेथ यांच्या जोरावर ऑइल इंजिनांचा धंदा वाढला. तिकडे राजकोटला इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या हुबेहूब नकला निघायच्या. दोन भलीमोठी चाकं, मिनिटाला साधारण ६५० फेरे, सगळं ओतीव लोखंड.

हे इंजिन चुका पोटात घालणारं होतं. मिस्त्री बांधावर हेड उतरवायचा, पायरीची पहार लावून जुनं गाइड ठोकून काढायचा, नवं बसवायचा, पेस्ट लावून व्हॉल्व्ह हातानं घासायचा. संध्याकाळी पाणी चालू. त्या माणसांना अडाणी मिस्त्री म्हणणाऱ्यांनी एकदा ते काम करून बघावं!

पण मोटारींचं गणित वेगळं. फेरे चार-पाच हजारांवर गेले आणि हेड अॅल्युमिनियमचं झालं. अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून हेड आधी सगळीकडून सारखं तापवून मग गाइड काढावं-बसवावं लागतं. थंड हेडवर हातोडा चालवला की भोकाला ओरखडे पडतात, आणि मग जाड गाइड शोधत फिरा. खरी गोम तर पुढेच आहे. नवं गाइड बसलं की त्याचा मध्य जुन्या सीटच्या मध्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. आधी रीमर फिरवून भोक मापात आणायचं, मग त्याच भोकात पायलट घालून सीट नव्यानं कापायची. नुसती पेस्ट घासून हा फरक जात नाही. व्हॉल्व्ह एका बाजूनं टेकतो, गळतो, शेवटी जळतो. पायलट-कटर नसेल तर गाइड घरी बदलणं म्हणजे अर्धंच काम.

१ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. हवेसाठी उत्तमच झालं. पण शिशाचा पातळ थर जुन्या इंजिनांच्या सीटला सांभाळायचा. अँबेसिडरसारख्या गाड्यांत सीट थेट लोखंडी हेडमध्येच कापलेली, तिथे आता सीट खचण्याची भीती. उपाय म्हणजे हेडमध्ये खाच कापून कडक रिंग बसवणं, आणि ते मशीनशिवाय होत नाही.

माझं मत विचाराल तर शेतावरच्या जुन्या संथ इंजिनाचं गाइड जाणत्या मिस्त्रीनं जागेवर बदलावं, हरकत नाही. अॅल्युमिनियमचं हेड मात्र शॉपलाच न्या, आणि व्हॉल्व्हही सोबत द्या. दांडी मोजल्याशिवाय रीमर कितीचा हे कसं ठरणार?

अडचण अशी की शॉप राहिलंय कुठे? आता ‘अख्खं हेडच बदला’ हे उत्तर मिळतं. सीट कापणारा कारागीर म्हातारा झालाय, पोरगं त्या धंद्यात येत नाही. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं आणि वाहनं दोन्ही घेतली. पार्ट मिळण्याची, माहिती-पुस्तिका मिळण्याची चर्चा झाली, चांगलं आहे. पण पार्ट हातात आला तरी तो मापात बसवणारा माणूस तालुक्याला हवा ना? ऐन उन्हाळ्यात हेड जिल्ह्याच्या गावी दोन दिवस पडून राहिलं तर इकडे ऊस वाळतो.

तुमच्या गावात सीट कापून देणारं दुकान अजून चालू असेल तर गावाचं नाव कळवा. यादी करून इथेच टाकतो.