फुकट टिप देणारा फिनफ्लुएन्सर कमावतो कुठून?

रात्री जेवण झाल्यावर तुम्ही रील्स स्क्रोल करताय. मध्येच एक हिरवा स्क्रीनशॉट येतो, ‘आजचा प्रॉफिट ४७,८५० रुपये’. मागे गाडी, हातात लॅपटॉप. कमेंटमध्ये रांग लागलेली असते, “सर, प्लीज गाईड करा.” बायोमध्ये टेलिग्रामची लिंक आणि कोर्सची फी.

रोज इतका फायदा होत असेल, तर सर ४,९९९ रुपयांचा कोर्स कशाला विकतायत? हा साधा प्रश्न मात्र कमेंटमध्ये फारसा कुणी विचारत नाही.

फिनफ्लुएन्सर म्हणजे नेमकं कोण?

फायनान्स आणि इन्फ्लुएन्सर या दोन शब्दांची ही जोडी. शेअर, म्युच्युअल फंड, विमा, क्रिप्टो यांवर व्हिडीओ करणारी ही मंडळी. सगळेच फसवतात असं नाही. एसआयपी म्हणजे काय, टर्म इन्शुरन्स का घ्यावा, हे अनेकांना यूट्यूबवरच पहिल्यांदा समजलं. घोळ होतो तो शिकवण्याच्या नावाखाली ‘हे विकत घ्या’ असं सांगायला सुरुवात होते तेव्हा. पैसे घेऊन असा सल्ला द्यायचा असेल, तर भारतात सेबीकडे नोंदणी लागते.

मग त्यांचा पैसा येतो कुठून?

मुख्य वाटा चार. पहिली, व्हिडीओच्या जाहिराती आणि स्पॉन्सरशिप. दुसरी, डिमॅट खात्याची रेफरल लिंक. त्यात तुम्ही जितके जास्त व्यवहार कराल तितकं ब्रोकरेज वाढतं, मग तुम्ही कमवा नाहीतर बुडा. तिसरी, कोर्स आणि ‘प्रीमियम’ ग्रुपची फी. चौथी वाट सरळ बेकायदा आहे. छोट्या कंपनीचे शेअर आधी स्वतः घ्यायचे, मग फॉलोअर्सना ‘घ्या’ म्हणायचं आणि भाव चढला की आपले विकून मोकळं व्हायचं.

या चारही वाटांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. तुम्हाला फायदा झाला नाही, तरी त्यांची कमाई होते.

स्क्रीनशॉट तरी खरा असतो का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने ‘बाप ऑफ चार्ट’ नावाने चालणाऱ्या चॅनेलच्या चालकाविरुद्ध अंतरिम आदेश काढला. कोर्सच्या नावाखाली नोंदणी नसताना शेअरचे सल्ले दिले, असा ठपका ठेवून १७.२ कोटी रुपये जमा करायला सांगितले. आदेशातली खरी गंमत पुढे आहे. जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्या व्यक्तीला स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये सुमारे २.८९ कोटींचा निव्वळ तोटा झाला होता. म्हणजे शिकवणाऱ्याची कमाई बाजारातून नव्हती, शिकणाऱ्यांकडून होती.

शिवाय स्क्रीनशॉट फायद्याच्या दिवसाचाच टाकला जातो. तोट्याच्या दिवशी ‘मोटिव्हेशन’ची रील येते.

सगळा भर एफ अँड ओवरच का?

एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स अँड ऑप्शन्स. समजा, निफ्टी वर जाईल असं वाटून तुम्ही १०० रुपये प्रीमियमचा ऑप्शन घेतला आणि लॉट ७५ चा आहे. खर्च ७,५०० रुपये. ठरलेल्या तारखेपर्यंत निफ्टी हव्या त्या पातळीवर गेला नाही, तर ते ७,५०० शून्य. शेअर पडला तर वाट बघता येते, ऑप्शनला मात्र मुदत असते. थोड्या पैशांत झटपट निकाल लागतो, म्हणून रीलसाठी हा विषय एकदम फिट बसतो.

निकाल काय लागतो, ते सेबीने सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात मांडलं. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. खर्च वजा जाता एक लाखाच्या वर फायदा कमावणारे फक्त १ टक्का. २०२३-२४ मध्ये यातले ४३ टक्के ट्रेडर तिशीच्या आतले होते, आणि तीन चतुर्थांशांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांपेक्षा कमी सांगितलं होतं.

समोर कोण होतं? त्याच वर्षी मोठ्या ट्रेडिंग फर्म आणि परदेशी गुंतवणूकदारांनी यात नफा कमावला, आणि त्यातला ९६-९७ टक्के नफा अल्गो, म्हणजे कॉम्प्युटरने आपोआप केलेल्या व्यवहारांतून आला. आपण मोबाइलवर बोट ठेवेपर्यंत तिकडचा सौदा झालेला असतो. पुढे नियम कडक झाले, तरी २०२४-२५ मध्येही ९१ टक्के तोट्यातच राहिले.

टीव्हीवरचे एक्स्पर्ट तरी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये सेबीने झी बिझनेस वाहिनीवर येणारे काही पाहुणे तज्ज्ञ आणि त्यांच्याशी संबंधित लोकांविरुद्ध अंतरिम आदेश काढून ७.४१ कोटी जप्त करायला सांगितले. आरोप असा की, कोणता शेअर सुचवणार हे तज्ज्ञ काही जणांना आधीच सांगत. ते आधी खरेदी करत आणि प्रेक्षकांची खरेदी सुरू झाली की विकत. टाय लावून सांगितलेली टिपही शेवटी टिपच असते.

साध्या म्युच्युअल फंडातही असं असतं?

इथे फसवणूक नसते, पण कमिशन असतं. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाचा ‘डायरेक्ट’ प्लॅन मिळतो, त्यात एजंटचं कमिशन नसतं. ‘रेग्युलर’मध्ये ते तुमच्याच पैशातून जातं. समजा, दोन्हींत वर्षाला १ टक्क्याचा फरक आहे. महिना १० हजारांची एसआयपी २० वर्षं केली, तर १२ टक्क्यांनी साधारण १ कोटी होतात, ११ टक्क्यांनी ८७ लाख. चांगला सल्ला मिळत असेल तर तो खर्च परवडतो. फॉर्मवर नुसती सही घ्यायला येणाऱ्यासाठी १२-१३ लाख जास्तच झाले.

आता नियम काय आहेत?

ऑगस्ट २०२४ पासून ब्रोकर, फंड हाऊस यांसारख्या सेबीच्या अखत्यारीतल्या संस्थांना नोंदणी नसलेल्या सल्लागारांशी किंवा परताव्याचे दावे करणाऱ्यांशी संबंध ठेवता येत नाही. जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने, फक्त ‘शिक्षण’ देतो म्हणणाऱ्यांना मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरबद्दल बोलायला मनाई केली. म्हणजे लाइव्ह बाजारात ‘शिकवणारा’ दिसला की सावध व्हा.

पैसे टाकण्याआधी काय तपासायचं?

• नोंदणी क्रमांक विचारा. गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने आणि रिसर्च अॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने सुरू होतो. तो सेबीच्या वेबसाइटवर स्वतः शोधा, त्यांनी पाठवलेल्या फोटोवर जाऊ नका.
• ‘गॅरंटीड रिटर्न’ म्हणणाऱ्याला तिथेच ब्लॉक करा. शेअर बाजारात अशी हमी कुणीच देऊ शकत नाही.
• सांगणाऱ्याला यातून काय मिळतं, हे थेट विचारा.
• ट्रेडिंगसाठी कर्ज काढू नका, घरच्यांची एफडी मोडू नका.
• नोंदणीकृत संस्थेविरुद्धची तक्रार सेबीच्या ‘स्कोअर्स’ पोर्टलवर करता येते. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची शक्यता कमी.

आणि ओळखीतलं कुणी एफ अँड ओमध्ये अडकलं असेल, तर टोमणे मारू नका. सेबीच्याच अभ्यासात, सलग तोटा होऊनही तीन चतुर्थांशांहून जास्त जण ट्रेडिंग करतच राहिल्याचं दिसलं. गेलेले पैसे भरून काढायच्या नादात माणूस आणखी खोलात जातो, आणि तोटा झाल्याचं घरी सांगायची लाज वाटते. तुम्ही शांतपणे विचारलंत, तर कदाचित तो आकडा पहिल्यांदाच मोठ्याने बोलला जाईल.