वसई बघायची तर तारापूरपासून

दिवाळीच्या सुट्टीत दादाची दोन्ही मुलं आमच्याकडे येणार आहेत. मोठी सातवीत, धाकटा चौथीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या पुस्तकाचं वर्ष! दादाने फोनवरच फर्मान काढलं, "नुसता समुद्र दाखवून परत पाठवू नकोस. एखादं ऐतिहासिक शहर दाखव." त्याच्या डोक्यात अर्थातच मुंबई. वहिनीच्याही. आमच्या बाबांनी तर गेटवे, म्युझियम, राणीची बाग अशी यादीसुद्धा सांगून टाकली.

माझं मत वसईला. आणि ते का, हे सगळ्यांना वेगवेगळं फोनवर सांगण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकते. दादा, वाचतोयस ना?

मुंबई थोर आहेच, वाद नाही. पण गेटवे बांधून पुरा झाला १९२४ मध्ये. वसईच्या किल्ल्यातली पडकी चर्चं सोळाव्या शतकापासूनची आहेत. गंमत म्हणजे पोर्तुगीजांच्या काळात मुंबई हे वसईच्या हाताखालचं एक किरकोळ बेट होतं. गुजरातचा सुलतान बहादुरशहा हुमायूनच्या धास्तीत होता, तेव्हा २३ डिसेंबर १५३४ रोजी त्याने वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगीजांना तहात देऊन टाकली. त्या बेटांत मुंबईही आली. पुढे दमणपासून खाली चौलपर्यंतचा सगळा मुलूख 'उत्तर प्रांत' झाला आणि त्याची राजधानी वसई. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं, तेव्हा मुंबई आंदणात गेली. आणि १६६८ मध्ये त्या राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली. आंदणात आलेलं भांडं पोटभाडेकरूला द्यावं तसं. मुलांना हे सांगितलं की ती हमखास हसतात, माझा अनुभव आहे :)

तर ज्या शहराच्या पदरी मुंबई होती ते शहर आमच्यापासून लोकलने गाठता येतं. मग तेच नको का आधी बघायला?

आता खरा प्रश्न. वसईला न्यायचं, पण कसं? स्टेशनवर उतरलो, रिक्षा केली, किल्ल्यात शिरलो, फोटो काढले, परत आलो, असं केलं तर मुलांच्या लक्षात काय राहील? काळ्या भिंती, त्यावर उगवलेले वड-पिंपळ, आणि लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी. मी अशा दोन सहली पाहिल्या आहेत. तटबंदीच्या आत शिरलेल्या माणसाला हे कधीकाळी शहर होतं, इथे रस्ते, चौक, तुरुंग, इस्पितळं होती, हे आपोआप कळत नाही. आणि बाहेरच्या खेड्यांच्या जिवावर ते शहर उभं होतं, हे तर मुळीच कळत नाही.

म्हणून माझी योजना अशी की वसईची सहल तारापूरपासून सुरू करायची. आदल्या दिवशी संध्याकाळी.

तारापूर म्हटलं की लोकांना अणुऊर्जा केंद्र आठवतं. साहजिक आहे, देशातलं पहिलं, १९६९ सालचं. नाहीतर एमआयडीसी. पण तारापूर गावात खाडीजवळ एक किल्ला आहे हे बोईसरला वीस-वीस वर्षं राहिलेल्यांनाही ठाऊक नसतं. पोर्तुगीजांनी वसईच्या उत्तरेला किनाऱ्याने जी ठाणी राखली होती, शिरगाव, माहीम, केळवे, त्यांच्यातलंच हे एक. नंतर तो किल्ला विकाजी मेहेरजी या तारापूरच्या पारशी गृहस्थांकडे इनाम आला. विकाजी आणि त्यांचे भाऊ पेस्तनजी म्हणजे निजामाला कर्ज देणारे हैदराबादचे बडे सावकार, त्यांच्या नावाचे 'पेस्तनशाही' रुपये चालत! एवढ्याशा गावातून माणसं कुठे कुठे पोचली होती. असो, पारशी तारापूर हा वेगळाच विषय आहे, त्यावर कधीतरी सवडीने.

किल्ला खाजगी आहे, आत वाडी आहे. त्यामुळे परवानगीशिवाय आत शिरायचं नाही. बाहेरून तटाला हात लावून यायचं. मुलांना तेवढं पुरे. कारण सांगायची गोष्ट तटाच्या बाहेरचीच आहे.

१७३७ मध्ये चिमाजी अप्पांची फौज कोकणात उतरली. ठाणे घेतलं, साष्टी घेतली, पण वसई काही हाती लागेना. तिच्या दोन बाजूंना पाणी, दलदल, आणि समुद्रावर पोर्तुगीजांचं आरमार. मग १७३९ च्या जानेवारीत अप्पांनी आधी वसईच्या उत्तरेची ठाणी उचलायला घेतली. माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर. म्हणजे वसईला बाहेरून मदत पोचवणारे हात आधी तोडायचे. चौथीतल्या मुलाला हे बुद्धिबळाच्या पटावर दाखवता येईल. राजाला शह देण्याआधी भोवतीची प्यादी उचलायची.

तारापूरचा तट शिड्या लावून, सुरुंग लावून घेतला. आत हातघाईची लढाई झाली. याच लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. बाजीराव आणि चिमाजी दोघांचाही हा जिवाभावाचा माणूस. त्यांच्या आईला अप्पांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं होतं.

मला या सगळ्या मोहिमेत सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते इथे. शाळेच्या पुस्तकात वसईची मोहीम एका ओळीत असते. 'चिमाजी अप्पाने पोर्तुगीजांकडून वसई जिंकली.' (रिकाम्या जागा भरा, दोन गुण.) त्या ओळीत रेठऱ्याहून इतक्या लांब, खाऱ्या वाऱ्यात येऊन मेलेला माणूस नाही, आणि पत्र वाचून घेणारी त्याची आईही नाही. मोहिमेच्या सेनापतीला लढाईच्या धामधुमीत बसून एका आईला पत्र लिहावं लागतं, ही गोष्ट सातवीतल्या मुलीला नक्की कळेल. सनावळी ती पुढे कधीही पाठ करील.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोईसरहून लोकल. २०१३ पासून डहाणू लोकल सुरू झाल्याने आता हे सोपं झालंय. पन्नासेक किलोमीटरचा प्रवास. मुलांना खिडकी द्यायची आणि सांगायचं की आपण साधारण फौजेच्याच वाटेने दक्षिणेला चाललोय. पालघर गेलं, उजवीकडे समुद्राच्या अंगाला माहीम, मग केळवे, तिथल्या पानमळ्यांची पानं अजून नावाजलेली आहेत. सफाळे, मग वैतरणेचा पूल. पुलावरून पाणी बघितलं की तोफा, बैल आणि दाणागोटा घेऊन या खाड्या ओलांडणं म्हणजे काय, हे न सांगता समजतं.

वसई रोडला उतरून किल्ल्यापर्यंत आठेक किलोमीटर, बस किंवा रिक्षा. किल्ल्याचा घेर चार किलोमीटरच्या वर आहे. सगळं दाखवायच्या भानगडीत पडायचं नाही. मी तीनच ठिकाणं धरली आहेत. जमिनीकडचा दरवाजा, सेंट जोसेफचं पडकं चर्च आणि येशूसंघीयांचं चर्च. बाकी वेळ शिल्लक राहिला तर समुद्राकडचा दरवाजा, तिथून किल्लाबंदरच्या कोळ्यांच्या होड्या दिसतात. मुलं त्यातच जास्त रमतील हेही मला माहीत आहे.

सेंट जोसेफच्या समोर उभं राहून एक खेळ खेळायचा. शहर पुन्हा बांधायचा. इथे चौक, इथून घोड्यावरून आणि पालखीतून जाणारे फिदाल्गो, म्हणजे पोर्तुगीज सरदार. १६९५ मध्ये जेमेली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी इथे आला होता. रुंद सरळ रस्त्यांचं त्याने वर्णन केलंय, आणि साथीने शहराचा एक भाग ओस पडल्याचंही. म्हणजे मराठे येण्याच्या चाळीस-एक वर्षं आधीच वसईला उतरती कळा लागली होती. मुलांना हे सांगायला हवं असं मला वाटतं. शहरं एका दिवसात पडत नाहीत. शेवटचा धक्का तेवढा एका दिवसाचा असतो.

तो धक्का मे महिन्यातला. सुरुंग लावले, काही उडाले, काही आपल्याच माणसांवर उलटले. दोन्हीकडची माणसं मेली, मराठ्यांची तर हजारांनी. किल्ला पडत नाही तर माझं डोकं तरी तोफेच्या तोंडी देऊन आत टाका, असं अप्पा म्हणाले अशी कथा सांगतात. बाबांची ही लाडकी गोष्ट, ती सांगायचा मान त्यांचाच. फक्त बाबा, 'असं म्हणतात' हे दोन शब्द आधी जोडा! १६ मे १७३९ ला शरणागतीचा तह झाला. (इंग्रजी कागदांत हीच तारीख ५ मे दिसते, कारण इंग्रज तेव्हा जुनंच कॅलेंडर वापरत होते.)

आणि आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

सहलीला आमच्या खालच्या मजल्यावरची एक मुलगीही येणार आहे. माझ्या लेकीची मैत्रीण. तिचं आजोळ वसईचं, कुपारी ख्रिस्ती. घरी आजीशी ती कादोडी बोलते, माझ्या कानाला गोड लागणारी मराठीचीच एक बोली. आता वसईच्या तटावर उभं राहून 'आपण जिंकलो' असं मी म्हणणार, तेव्हा त्या 'आपण'मध्ये ती आहे का?

मराठीत ही सोय आहे, आणि अडचणही. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. इंग्रजीतून इतिहास सांगणाऱ्याला एकाच शब्दात हे ढकलून देता येतं. आपल्याला निवडावं लागतं.

मी विचार केला तो असा. पोर्तुगीज राजवटीने इथली देवळं पाडली, धर्मांतरं केली, गोव्यात १५६० मध्ये बसलेल्या धर्मन्यायालयाचा हात इथपर्यंत पोचत होता. हे मुलांपासून लपवायचं नाही. पण ज्यांची धर्मांतरं झाली ते कोण होते? इथलेच शेतकरी, बागायतदार, कोळी. फिदाल्गो पालखीत होते आणि हे लोक वाडीत पाणी लावत होते. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानात गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. पुढे १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याची आई इथलीच होती असं मानतात. किल्ल्यातलं येशूसंघीयांचं चर्च मी यादीत ठेवलं आहे ते त्याच्यासाठी.

आणि १७३९ चा तह काय सांगतो? शिबंदीने शस्त्रांसह, मानाने बाहेर पडावं. जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल. राज्यकर्ते गलबतांत बसून गेले. वाडीत पाणी लावणारे इथेच राहिले, त्यांचा धर्म आणि त्यांची बोली दोन्ही घेऊन. त्या मुलीची आजी त्यांच्यातलीच. म्हणून मी 'आपण'च म्हणणार आहे, पण 'आपण जिंकलो' असं नाही. 'आपल्याकडे तेव्हा काय झालं' असं. बाबांना हे मिळमिळीत वाटेल. वाटू दे. त्यांना त्यांच्या पद्धतीने सांगायला अख्खा परतीचा प्रवास आहे.

या मुलांकडून एक प्रश्न नक्की येणार, चर्चच्या घंटा कुठे गेल्या? उत्तर छान आहे. विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी त्या नेल्या आणि देवळांत बांधल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीला एक. "म्हणजे चोरल्या?" असं धाकटा विचारेल. लूट म्हणतात त्याला, बाळा. पण घंटा वितळवल्या नाहीत आणि वरचे क्रूसही कुणी घासून काढले नाहीत. भीमाशंकरला येणारा भाविक क्रूस असलेल्या घंटेसमोरून दर्शनाला जातो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. दादा, परत जाताना नाशिकवरून जाणार असलात तर नारोशंकराची घंटा जरूर दाखवा. सहलीचा तो भाग तुझ्याकडे.

निघताना एक तारीख मात्र सांगायची राहू द्यायची नाही. ३१ डिसेंबर १८०२. ज्या वसईसाठी एवढी माणसं मेली, तिथेच पळून आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि त्यांची तैनाती फौज पदरात घेतली. बाजी भिवराव पडल्याला तेव्हा त्रेसष्ट वर्षं झाली होती. यावर मी मुलांना काही समजावून सांगणार नाही, तारीख सांगून गप्प बसणार. मोठी विचारेल. विचारलं तर बोलू.

वज्रेश्वरी मात्र या खेपेला नाही. अप्पांच्या नवसाचं देऊळ आहे, जायला हवं, पण एका दिवसात हे सगळं कोंबलं तर मुलांचे पाय दुखतील आणि इतिहासाचा राग येईल.

बाकी तयारी साधी. पावसानंतर किल्ल्यात गवत वाढलेलं असतं, म्हणून पायात बूट. मोडक्या जिन्यांवर कुणीही चढायचं नाही, बाबांनीसुद्धा. पाण्याच्या बाटल्या भरपूर, डबा घरचा. आणि वहिनी, मुलांना सुकेळी आवडतात का ते कळव. वसईच्या राजेळी केळ्यांची ही सुकवलेली सुकेळी बाजारातून परतीला घेणार आहे. किलोभर घेते, वैतरणेच्या पुलापर्यंत टिकतील इतपत.