तुळईची बाज

गावगाड्यात सुतार हा थोरल्या ओळीतला बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या 'गावगाडा' या पुस्तकात बलुत्याची मांडणी वाचायला मिळते. आमच्या पिढीनं तिचं शेपूट डोळ्यांनी पाहिलं. नांगर, कुळव, पाभर नीट ठेवायची अन् सुगीला खळ्यावर धान्य न्यायचं. औत वर्षात एकदा मोडो की चारदा, धान्य तेवढंच. मग काम पक्कं करण्यात सुताराचंच हित. कच्चं केलं तर वाकस घेऊन त्यालाच पुन्हा यावं लागायचं. बाज, पेटी, दार यांची मजुरी वेगळी असायची, पण हाताची सवय तीच.

तोडलेलं लाकूड लगेच कामाला घेत नसत. बाभळीचे ओंडके ओढ्यात बुडवून ठेवायचे. रस निघून गेला की कीड कमी लागते. मग सावलीत वाळवायचे. सांध्याला खिळा क्वचितच. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला भोक अन् दोन्हींतून लाकडी मेख. सुंभ सोडून मेखा काढल्या की अख्खी बाज सुटी. वस्तू उसवता येते, म्हणूनच ती दुरुस्त होते.

याची किंमत आम्हाला 1967 साली कळली. 11 डिसेंबरला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या पाटण तालुक्यात दगडमातीच्या भिंती कोसळल्या. आमचंही घर बसलं, माणसं तेवढी वाचली. आज्जा सुतारकाकांना म्हणाला, "जळणात एक फळीबी जाऊ द्यायची न्हाई." ढिगाऱ्यातनं सागाच्या तुळया काढल्या, फुटलेली टोकं कापली. लांब होत्या त्या पुन्हा आढ्याला गेल्या. तुकड्यांची बाज झाली, धान्याची पेटी झाली, उरल्यासुरल्याचे पाट. वर पत्रा नवा, आत लाकूड जुनंच.

पुढं लोखंडी नांगर आले, ट्रॅक्टर आले, बलुतं बसलं. त्याचं मला दुःख नाही. जातीला बांधलेलं काम ते, अन् पीक बुडालं की सुताराची चूलही थंड. सुतारकाकांची पोरं मुंबईला गेली, बरंच झालं. पण बलुत्याबरोबर एक हिशेबही गेला. तेव्हा वस्तू टिकली तर करणाऱ्याचा फायदा होता. आता ती मोडली तर विकणाऱ्याचा फायदा आहे. भुशाच्या पाट्याचं कपाट पाण्यानं फुगतं, अन् एकदा निसटलेला स्क्रू त्यात पुन्हा धरत नाही. ते सुताराकडं नेऊन तरी काय करायचं?

बांधावरचा साग तोडायचा तर 1964 च्या कायद्यानं परवानगी काढावी लागते. घरातला तयार साग मात्र आपण भंगारवाल्याला किलोवर देतो. देण्याआधी एवढं करा. वस्तू उलटी करा, पायांना अन् सांध्यांना टोचणी लावून बघा. टोचणी आत गेली नाही तर लाकूड जिवंत आहे. सुताराला बोलवा, त्याची मजुरी रोख द्या, घासाघीस करू नका. आमच्या बाजेच्या मेखा दोनदा बदलल्या, सुंभ जाऊन नवार आली. गाते अजून आज्ज्याच्या तुळईचेच आहेत. नातू त्यावर झोपतो.