गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर बदलताना

अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर फाटला किंवा घरघरू लागला, की अंधेरी, बोरिवली वा मुलुंडचा गिटारवादक ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडची वाट धरतो आणि पहिली चौकशी करतो ती वॅटची. ही चौकशी आवश्यक आहे, मात्र पुरेशी नाही. स्पीकर किती शक्ती सहन करील एवढेच वॅट सांगतात. तो किती मोठ्याने वाजेल हे त्याच्या संवेदनशीलतेवरून, म्हणजे एक वॅट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो यावरून ठरते.

सेलेस्टियन या ब्रिटिश कंपनीचे तीन बारा इंची स्पीकर पाहावेत. ‘व्हिंटेज ३०’ हा ६० वॅटचा आणि ‘ब्लू’ अवघ्या १५ वॅटचा. तरीही दोघांची संवेदनशीलता १०० डेसिबलच. २५ वॅटचा ‘ग्रीनबॅक’ ९८ डेसिबलचा आहे. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट शक्तीचा फरक, हे लक्षात घेतले की निवड सोपी होते. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर तर आवाज चढवल्याशिवाय रंगत नाही. म्हणून घाटकोपरच्या सोसायटीत राहणाऱ्याने कमी संवेदनशील स्पीकर घेणेच शहाणपणाचे. शेजारधर्मही सांभाळला जातो!

घरातील संगीतसंचाचा स्पीकर मात्र येथे चालत नाही. गिटारचा स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्झनंतर झपाट्याने मंदावतो. त्यामुळेच विकृत केलेला सूर कानाला बोचत नाही. जुन्या स्पीकरचा कोन व कॉइल बदलून घेणे स्वस्त पडते, पण कोन निराळा बसवला तर नादही निराळा होतो.

दोन स्पीकरची जोडी लावताना ओहम सारखेच असावेत. आठ ओहमचे दोन समांतर जोडल्यास चार, एकसर जोडल्यास सोळा ओहम होतात. आठ व सोळाची समांतर जोडी लावली तर आठ ओहमचा स्पीकर दुप्पट शक्ती ओढून घेतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरला नेमून दिलेल्यापेक्षा कमी ओहम देऊ नयेत. जास्त दिल्यास केवळ शक्ती घटते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर लिहिलेला आकडा तंतोतंत पाळावा, आणि स्पीकर न जोडता तो कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

व्हिंटेज ३० व ग्रीनबॅक ही जोडी अनेकांच्या पसंतीची आहे. पहिल्याचा मध्यम पट्टीतील टोकदारपणा दुसरा सौम्य करतो. या जोडीची क्षमता ८५ वॅट समजणे घातक आहे. शक्ती निम्मी-निम्मी वाटली जात असल्याने दुबळ्याच्या दुप्पट, म्हणजे ५० वॅटच धरावे. दोहोंची ध्रुवीयता नऊ व्होल्टच्या बॅटरीने तपासावी. धन टोकाला धन लावताच दोन्ही कोन एकाच दिशेने सरकले पाहिजेत, अन्यथा खर्ज नाहीसा होतो.

नवा स्पीकर सुरुवातीचे काही तास ताठर वाजतो. दुसऱ्याच दिवशी तो दुकानात परत नेण्याची घाई करू नये.