पुनरावर्ती फलन (सी भाषा)

पुनरावर्ती फलन : (रिकर्सिव्ह फंक्शन). स्वतःलाच पुन्हा बोलावणारे फलन. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत घडवलेल्या सी भाषेत ही सोय आरंभापासून आहे. अशा फलनाचे दोन भाग असतात : थांबण्याची अट आणि गणित एका पायरीने सोपे करणारी हाक. ५ चे क्रमगुणित म्हणजे ५ गुणिले ४ चे क्रमगुणित. १ ला हाका थांबतात व उत्तर १२० येते.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–८६) यांची ६१७४ ही स्थिरसंख्या याचे उत्तम उदाहरण होय. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करायची आणि आलेली बाकी त्याच फलनाला द्यायची. ३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२, ६१७४ असा क्रम मिळतो. चारही अंक सारखे नसल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. सारखे असल्यास बाकी शून्य उरते. म्हणून थांबण्याच्या अटीत ६१७४ व ० या दोन्ही संख्या हव्यात.

प्रत्येक हाकेसाठी स्मृतीतील स्टॅकवर स्वतंत्र जागा लागते. अट विसरल्यास स्टॅक भरून कार्यक्रम सहसा बंद पडतो. साध्या बेरजा-गुणाकारांसाठी लूप बहुधा अधिक काटकसरीचा ठरतो.