प्रश्न कोणत्या कप्प्यात टाकायचा? पंढरपुरातली एक जुनी गोष्ट

मंडळी, कालनिर्णयमध्ये एकाच महिन्यात 'स्मार्त एकादशी' आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'भागवत एकादशी' छापलेली असली की आपल्या गावात हमखास विचारणा सुरू होते. खरी कोणती? उपास कधी? याचं उत्तर देणारं एक नावाजलेलं पुस्तक आपल्याच गावात लिहिलं गेलं, हे मात्र फार कमी लोकांना ठाऊक आहे.

पुस्तक 'धर्मसिंधु'. लेखक काशीनाथशास्त्री उपाध्याय, म्हणजेच बाबा पाध्ये. घराणं मूळचं कोकणातलं, राहणं पंढरपूरचं. कवी मोरोपंतांचे ते व्याही. ग्रंथ पुरा झाला शके १७१२ मध्ये, म्हणजे इ. स. १७९० च्या सुमारास. संस्कृतात असूनही तो पुढे महाराष्ट्रात घरोघरी गेला.

आता गंमत बघा. पाध्ये स्वतःच सांगून टाकतात की मीमांसा आणि धर्मशास्त्र जाणणाऱ्या पंडितांसाठी हा खटाटोप नाही, त्यांना जुने ग्रंथ पुरेसे आहेत. ज्यांना फार कळत नाही, आळसही आहे, पण निर्णय मात्र हवा आहे, अशांसाठी हे लिहिलंय. म्हणजे तुमच्या-माझ्यासाठीच की!

अशा माणसाला विषयवार मांडणी काय कामाची? त्याला प्रश्न पडतो तो प्रसंग आला की. म्हणून पाध्यांनी कप्पे तसेच पाडले. पहिल्या परिच्छेदात काळाचे सर्वसाधारण नियम आहेत: संक्रांत, अधिक महिना, तिथी कोणती धरायची. दुसऱ्यात चैत्र ते फाल्गुन, महिन्यामागून महिना. श्रावणातला प्रश्न श्रावणात सापडतो. तिसऱ्याच्या पूर्वार्धात संस्कार, उत्तरार्धात श्राद्ध, सुतक आणि अगदी शेवटी संन्यास. एक कॅलेंडर आणि एक आयुष्य, एवढ्यात सगळे प्रश्न बसवले. मला तरी ही अक्कलहुशारी फार मोठी वाटते.

पण या मांडणीत आणखी एक चाळणी आहे. प्रश्न काय, याच्याइतकंच विचारणारा कोण हेही बघितलं जातं. एकादशीचंच घ्या. वैष्णवांना अरुणोदयाला, म्हणजे सूर्योदयाआधी चार घटका (९६ मिनिटं), दशमी उरलेली चालत नाही. स्मार्त बघतात ते फक्त सूर्योदयाला. आकाश तेच, तिथी तीच, पण माणूस बदलला की दिवस बदलतो. एकादशीच्या बाबतीत यानं कुणाचं काही बिघडत नाही. वारकरी भागवत धरतात, विषय संपला.

हीच चाळणी देवळाच्या दाराशी लागली तेव्हा मात्र बिघडलं. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का आहे, हे पंढरपूरकरांना सांगायला नको. 'आत कोण जाऊ शकतो' हा प्रश्न पिढ्यान् पिढ्या रूढी आणि शास्त्र या कप्प्यात पडून राहिला, आणि त्या कप्प्यात उत्तर आधीच ठरलेलं होतं. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी इथं उपोषण सुरू केलं, ते १० मेपर्यंत चाललं. माझ्या मते गुरुजींनी केलं काय, तर प्रश्नाचा कप्पाच बदलला. शास्त्रार्थ करत ते बसले नाहीत. माणूस म्हणून याचं उत्तर द्या, म्हणाले. आणि दार उघडलं.

तिसरा कप्पा हक्काचा. पूजेचा आणि उत्पन्नाचा अधिकार ही बडवे-उत्पातांची वंशपरंपरागत मालमत्ता, की लोकांच्या देवस्थानाचा कारभार? १९७३ च्या पंढरपूर मंदिरे कायद्यानं हे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. त्यावरची कोर्टकचेरी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ च्या निकालापर्यंत चालली. एक प्रश्न कोणत्या खात्यात मोडतो हे नक्की व्हायला चाळीस वर्षं! त्यानंतर मंदिर समितीनं नेमलेल्या पुजाऱ्यांत बायाही आल्या, ब्राह्मणेतरही आले.

तर, कुणाच्या घरी 'धर्मसिंधु'ची जुनी पोथी असेल, आणि समासात आजोबा-पणजोबांनी हातानं काही टिपून ठेवलं असेल, तर त्या पानाचा फोटो कमेंटमध्ये टाका. लोक कोणत्या पानावर जास्त थांबत होते, ते बघायचंय. माझा अंदाज सुतकाचं पान.